कै. शंकरराव चव्हाण : गोदावरीच्या पाण्याचा जागता कारभारी

आपल्या मराठवाड्यातील जुन्या शेतकरी घरांत ज्वारी साठविण्यासाठी पेव असे. सुगी आटोपून खळे रिकामे झाले म्हणजे घरचा कर्ता पुरुष प्रथम पेव भरून घेई, त्याचे तोंड बंद करी, आणि मग उरलेल्या मालातून बाजार, देणे-घेणे, लग्नकार्य यांचा विचार करी. पेव केव्हा उघडावयाचे हे तोच ठरवी. माप त्याच्या हाती असे, आणि ते माप थोरल्या भावाच्या चुलीस एक व धाकट्याच्या चुलीस दुसरे असे कधी होत नसे. झाले, तर घर फुटे. भरल्या वर्षी हात आखडणे आणि टंचाईच्या वर्षी सर्वांस सारखे वाढणे, यालाच आपले वाडवडील प्रपंच नेटका करणे म्हणत आले.

धान्याचे पेव आता बहुतेक गावांतून गेले. परंतु त्याहून फार मोठी अशी पाण्याची पेवे गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या भागात झाली आहेत. ती कोणी भरविली, त्यांचे माप कोणी ठरविले, आणि ते माप पुढे आपण पाळले काय, हा प्रश्न प्रत्येक जमीनधारकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. तो विचारताना नांदेडचे कै. शंकरराव भाऊराव चव्हाण यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. राजकारणी पुरुष म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मासिकाचे ते काम नव्हे. श्रद्धाळू, शिस्तीचा आणि कुटुंबवत्सल गृहस्थ सार्वजनिक पाण्याचा कारभार कसा पाहतो, एवढ्यापुरतेच त्यांचे चरित्र आम्ही येथे पाहणार आहो.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे झाला. पैठण म्हणजे नाथांचे गाव. श्री एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात याच गावी राहून, गिरिजाबाईंसह गृहस्थाश्रम चालवून, लेकुरवाळ्या घरात बसून परमार्थ केला. घरदार सोडल्यावाचून देव भेटत नाही, ही समजूत नाथांच्या चरित्राने खोटी ठरविली. फाल्गुन वद्य षष्ठीस आजही आपल्या नांदेड-लातूर भागातून दिंड्या निघतात, त्या या गृहस्थ संताच्या दारी. अशा गावच्या हवेचा मुलाच्या मनावर काय संस्कार होतो हे मोजून सांगता येत नाही. तथापि पुढे शंकररावांनी देवभक्ती, घर आणि सरकारी काम यांपैकी एकासाठी दुसरे सोडले नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गावाची आठवण होतेच.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. परंतु तो काळ वकिली करण्याचा नव्हता. निजामी राजवटीविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला होता. तरुण शंकररावांनी वकिली बाजूस सारून त्या लढ्यात उडी घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे ते नांदेड येथेच स्थायिक झाले, जिल्हा काँग्रेसचे काम पाहू लागले आणि नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा त्या राज्याच्या महसूल खात्याचे उपमंत्रिपद त्यांजकडे आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि त्यानंतर सुमारे एक तपाचा त्यांचा मोठा काळ पाटबंधारे व वीज या खात्यांत गेला. आमच्या विषयास खरा आरंभ येथूनच होतो.

पाण्याच्या बाबतीत मराठवाड्याची स्थिती त्या वेळी काय होती, हे तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. गोदावरी आपल्या प्रदेशातून आडवी वाहत जाते. मांजरा लातूरच्या शिवारांना वळसा घालून नांदेडच्या सीमेने उतरते. पण या दोन्ही नद्यांचे पाणी आपल्या पात्राच्या फार खाली, आणि आपली काळी जमीन वर. निजामी अमलात मांजरेवर मोठे धरण झाले ते निजामसागर. १९३१ मध्ये ते पुरे झाले, आणि त्याच्या पाण्याने निजामाबादकडील भात व ऊस पिकू लागला. लातूर-उदगीर-देगलूरच्या शेतकऱ्याने मांजरेचा पूर काठावर उभे राहून पाहावा आणि मोटेने विहीर उपसून पाच-दहा गुंठे भिजवावे, अशी रीत होती. गोदावरीवरही जायकवाडी या बीड जिल्ह्यातील गावाजवळ धरण बांधण्याची योजना हैदराबाद राज्यात झाली होती. ती कागदावरच राहिली. पुढे धरणाची जागा पैठणास आली, तरी नाव मात्र त्या जुन्या गावाचेच चिकटून राहिले.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठण येथे जायकवाडीची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते धरण राष्ट्रास अर्पण झाले. त्या दिवशी शंकरराव राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्या गावी जन्म झाला, त्याच गावच्या माथ्यावर गोदावरी अडविण्याचे काम आपल्या कारकिर्दीत पुरे झालेले पाहण्याचे भाग्य फार थोड्यांस लाभते. जलाशयास नाव दिले ते स्वतःचे अथवा पक्षाच्या पुढाऱ्याचे नव्हे; नाथसागर हे नाव गृहस्थ संताचे. या धरणात एकूण सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावते, व त्यातील सुमारे ७६ अब्ज घनफूट उपयोगास येते. शेतकऱ्याच्या मापाने सांगावयाचे तर एक अब्ज घनफूट पाणी म्हणजे सुमारे २३,००० एकरांवर एक फूट उभे राहील एवढे पाणी होय. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. उजव्या कालव्याचे पाणी माजलगावच्या जलाशयास जाऊन मिळते.

परंतु पेव खणले म्हणजे कोणाचे तरी अंगण खणले जाते. नाथसागर हा उथळ जलाशय आहे. तो सुमारे ३५,००० हेक्टरांवर पसरला, आणि त्याखाली पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतील गोदाकाठची उत्तम जमीन गेली. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कसली होती, त्यांस नव्या गावठाणात नव्याने चूल मांडावी लागली. उथळपणामुळे उन्हाळ्यात बाष्प होऊन जाणारे पाणीही फार. हे दोष अभियंत्यांस ठाऊक होते. तरी पैठणच्या खाली इतके पाणी अडविण्यास दुसरी तशी जागा मिळणे कठीण, म्हणून ती किंमत द्यावी लागली. ती आपण दिली नाही, दुसऱ्यांनी दिली, हे कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

याच काळात त्यांच्या हातून झालेले दुसरे एक काम धरणाच्या भिंतीसारखे डोळ्यांस दिसत नाही. पण नांदेडच्या शेतकऱ्यास ते धरणापेक्षा कमी नाही. गोदावरीच्या पाण्याविषयी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि इतर राज्यांत तंटा होता, व १९६९ मध्ये त्यासाठी लवाद नेमला गेला होता. लवादापुढे वर्षानुवर्षे भांडत राहण्याऐवजी राज्यांनी आपसांत करार केले. महाराष्ट्र व आंध्र यांचा करार ६ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. त्या वेळी आपले मुख्यमंत्री शंकरराव होते, आणि आंध्रचे जलगम वेंगळराव. त्या कराराने पैठणच्या धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वरच्या धरणापर्यंतचे पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्रास वापरण्याची मुभा मिळाली. त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट पाणी आपल्या वाट्यास आले. मघाच्या हिशेबाने हे सुमारे पावणेचौदा लाख एकर-फूट होते. पुढे लवादाच्या निवाड्यातही हे करार समाविष्ट झाले.

काही जण म्हणतात, आपण आणखी ताणून धरले असते तर अधिक मिळाले असते. भाऊबंदकीच्या वाटणीत असे म्हणणारा एक तरी जण असतोच. पण बांधाच्या वादात दोन पिढ्या कचेरीचे उंबरठे झिजवून शेवटी वकिलाच्याच पदरी जमीन घालणारी घरे आपण पाहिली आहेत. वाटणीचा कागद लवकर होणे आणि त्यावर दोघांच्या सह्या असणे, यात मोठे हित आहे. त्या कागदाच्या आधारावरच नांदेडजवळ आसर्जन येथे विष्णुपुरीचा उपसा जलसिंचन प्रकल्प झाला. नदीचे पाणी खोल, म्हणून ते यंत्राने उचलून लोहा, कंधार, नांदेड भागांतील उंच जमिनीस देण्याची ही योजना. तिच्या जलाशयास आज शंकरसागर म्हणतात, आणि नांदेड शहरही तेच पाणी पिते. त्याखाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा झाला. त्याविषयी आंध्रने आक्षेप घेतला, तेव्हा २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राखला. दरवर्षी १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत त्याचे दरवाजे उघडे ठेवावे, आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, अशा अटी मात्र घातल्या. न्यायालयाने पाहिले ते ६० अब्ज घनफुटांच्या मर्यादेकडेच. अडतीस वर्षांपूर्वी झालेला करार त्या दिवशी आपल्या कामी आला.

आता त्या कारभारामागील मनुष्य पाहू. शंकररावांस त्यांचे विरोधक आणि मित्र दोघेही ‘हेडमास्तर’ म्हणत. मंत्रालयात कामाच्या वेळेवर न येणाऱ्यांवर त्यांचा कटाक्ष असे. उशिरा येणाऱ्यास दाराबाहेर थांबविण्याच्या गोष्टी अजूनही सांगितल्या जातात. ‘सचिवालय’ हे नाव बदलून ‘मंत्रालय’ हे नाव त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, १९७५ मध्ये आले. कामाची अंतिम जबाबदारी लोकांनी निवडलेल्याची आहे, हा त्या नावातील अर्थ. १९८६ मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत राज्यात आणली. मागील वर्षी अमुक खर्च झाला म्हणून या वर्षीही तो करावयाचा, ही रीत मोडून प्रत्येक खर्च नव्याने सिद्ध करावयाचा, असे तिचे तत्त्व होय. शेतकऱ्यास ते नवे वाटू नये. पाडव्यास सालगडी ठरविताना व बैल विकताना शहाणा कुणबी हेच करतो : गतवर्षीची रीत न पाहता यंदाची गरज पाहतो.

त्यांची श्रद्धा पुट्टपर्थीचे श्री सत्यसाईबाबा यांच्या ठायी होती, आणि ती त्यांनी झाकून ठेवली नाही. मोठ्या पदावरील पुरुषाने अशी निष्ठा उघडपणे बाळगावी की नाही, याविषयी वाद होता व आहे. त्यात आम्ही शिरत नाही. एवढेच सांगतो की, त्याच साईसंस्थेने १९९५ पासून आंध्रातील अनंतपूर या दुष्काळी जिल्ह्यात सातशेहून अधिक खेड्यांस पिण्याचे पाणी पुरविण्याचे काम उभे केले. पाणी पाजणे हीच पूजा, ही भावना पैठणच्या वारकऱ्यास परकी नाही. श्रद्धेची परीक्षा देवघरात होत नाही. ती माप हातात असताना होते. शंकररावांच्या बाबतीत ती परीक्षा पाहण्यास पुष्कळ साधन आहे.

घरी पत्नी कुसुमताई आणि मुलेबाळे असा त्यांचा संसार होता. कुसुमताईंचे नाव आज नांदेडकडील संस्थांतून ऐकू येते. पुत्र अशोकराव डिसेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले. पिता व पुत्र दोघेही या राज्याचे मुख्यमंत्री झाल्याचे हे पहिलेच उदाहरण. घराण्यात अधिकार चालत राहणे हिताचे की अहिताचे, याविषयी वाचकांची मते भिन्न असतील, आणि असावीत. परंतु स्वतः शंकरराव राज्यात व दिल्लीत शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ, गृह अशी खाती सांभाळून परतले, तेव्हा ते साध्या राहणीचे गृहस्थ म्हणूनच ओळखले जात होते, ही गोष्ट त्यांचे विरोधकही नाकारीत नाहीत.

गुणांबरोबर दोषही सांगितले नाहीत तर स्मरण हे स्तोत्र होते. त्यांची पहिली कारकीर्द आणीबाणीच्या छायेत गेली. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या संततिनियमनाचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे खेड्यांचे सुदैव. शिस्तीचा अतिरेक झाला म्हणजे घरातील मोठा माणूस लहानांचे ऐकावयाचे विसरतो, याचे ते उदाहरण आहे. तसेच ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत जे घडले, त्या वेळी देशाचे गृहमंत्री तेच होते. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकवर्गास अधिक झोंबणारी आहे. २ ऑक्टोबर १९७५ पासून कमाल जमीनधारणेची मर्यादा उतरविणारा सुधारलेला कायदा राज्यात अमलात आला. बारमाही भिजणाऱ्या जमिनीची मर्यादा १८ एकर आणि कोरडवाहू जमिनीची ५४ एकर झाली. कायदा आधीच्या मंत्रिमंडळाच्या वेळी संमत झालेला. पण अंमल शंकररावांच्या कारकिर्दीत आला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांनी त्या वेळी जमीन गमावली, आणि काहींनी कागद इकडचे तिकडे करून ती राखली, हेही खरे. ज्यांची गेली त्यांचा राग आम्ही समजू शकतो. तरी एक विचार सुचवितो. ज्या सरकारने जनतेच्या पैशाने कालवा आणून कोरड्या रानाचे मोल अनेक पटींनी वाढविले, त्याने भिजणाऱ्या जमिनीची मर्यादा कोरडवाहूच्या एक-तृतीयांश ठेवावी, यात विसंगती नव्हती. पाणी हीच खरी जमीन, असे तो कायदा म्हणत होता.

हाच विचार त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत अधिक स्पष्ट झाला. नव्या प्रकल्पांचे पाणी बारमाही पिकांस न देता खरीप व रब्बी मिळून आठ महिने द्यावे, म्हणजे थोड्यांच्या उसाऐवजी पुष्कळांची ज्वारी, गहू, हरभरा, कापूस भिजेल, असे आठमाही सिंचनाचे धोरण १९८७ मध्ये राज्याने स्वीकारले. या प्रश्नावर त्यापूर्वी १९७९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने विचार केला होता. साखर कारखान्यांच्या वर्तुळास हे धोरण रुचले नाही. ऊस हे आळशाचे पीक असे कोणी म्हणतात, ते आम्हांस मान्य नाही. उसाने आपल्या भागात पक्की घरे बांधली, मुले शिकविली, हे आम्ही विसरलो नाही. परंतु एका एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात ज्वारी-हरभऱ्याचे कित्येक एकर निघतात, हे प्रत्येक पाटकरी जाणतो. पेवातील धान्य एकाच चुलीवर शिजविले तर दुसऱ्या चुली विझणारच.

पुढे काय झाले ते लातूरकरांस सांगावयास नको. धोरण कागदावर राहिले, उसाचे क्षेत्र वाढत गेले, विंधनविहिरी दोनशे फुटांवरून सातशे-आठशे फुटांवर गेल्या. २०१४ व २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ कमी झाले. धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले. आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरच्या स्थानकात उभी राहिली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या जिल्ह्यात साखरेची पोती रचलेली, त्याच जिल्ह्याचे मुख्य शहर घागरी घेऊन रांगेत उभे होते. शंकरराव त्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी २००४ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी निवर्तले होते. ते दृश्य पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. ज्यांच्या हयातीत ते आठमाही माप ठरले होते, त्या आपण सर्वांनी मात्र ते पाहिले.

जायकवाडीच्या बाबतीतही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. वरच्या अंगास नाशिक व नगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत धरणे होत गेली आणि नाथसागरात अपेक्षेप्रमाणे पाणी येईनासे झाले. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी त्या प्राधिकरणाने आदेश दिला की, १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून ठरावीक प्रमाणात पाणी खाली सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या समन्यायी वाटपास मान्यता दिली. आपण मराठवाड्याचे लोक हा न्याय वरच्या जिल्ह्यांकडे मोठ्या आवाजात मागतो, आणि तो मागणे योग्यच आहे. परंतु तोच न्याय आपल्या चारीवर आपण पाळतो काय? नाशिककराने पैठणास पाणी सोडावे असे म्हणणारा पाटाच्या तोंडाशी बसलेला शेतकरी, रात्री दार फोडून शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी आपल्या उसात घेतो, तेव्हा त्याची मागणी पोकळ होते.

म्हणून शंकररावांचे स्मरण करावयाचे तर पुतळ्यास हार घालून भागणार नाही. आमच्या वाचकांस आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली : हंगाम सुरू होण्यापूर्वी पाण्याची मागणी नमुना नंबर सातचा अर्ज भरून रीतसर नोंदवावी, आणि पाणीपट्टी वेळेवर द्यावी. न नोंदविलेले पाणी घेणे म्हणजे पेवात चोरून हात घालणे होय.

दुसरी : २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला आहे. त्याखाली आपल्या चारीची पाणी वापर संस्था नसेल तर काढावी, व असेल तर जिवंत करावी. मापून घेतलेल्या पाण्याचा हिशेब तिच्या सभेत उघडपणे वाचावा. सरकारी पाटकऱ्यास दोष देणे सोपे आहे. आपल्याच भावकीस मापाने पाणी देणे कठीण आहे. तेच करावयाचे आहे.

तिसरी : पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करावी. जेथे हा नियम पाळला जातो, तेथे दार फोडण्याचे कारणच उरत नाही, कारण तोंडाशी बसलेल्यास आपले पाणी येणारच ही खात्री असते.

चौथी : ऊस लावावयाचाच असेल तर तो ठिबकावर लावावा, आणि आपल्या एकूण क्षेत्राच्या मर्यादेत लावावा. अर्धापूर-मुदखेडकडील केळी उत्पादकांनी ठिबकाचा स्वीकार करून दाखविला आहे. उसास ते जड नाही.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस मंत्र्याची सही लागत नाही. चारीवरील वीस-पंचवीस घरांच्या कर्त्या पुरुषांनी व बायांनी एका संध्याकाळी पारावर बसून ठरविले की झाले.

शंकररावांच्या नावाने नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आसर्जनास शंकरसागर आहे. ही स्मारके योग्यच आहेत. पण गृहस्थाचे खरे स्मारक त्याच्या घराच्या रीतीत असते. बाप गेल्यावर मुलांनी पेवाचे माप बदलले नाही, तर बाप घरात आहेच असे आपण म्हणतो. यंदा पाऊस बरा झाला आणि धरणे भरली, तर ती आपली परीक्षा नव्हे. ज्या वर्षी ती अर्धी भरतील, त्या वर्षी आपल्या चारीचे शेवटचे शेत भिजले की नाही, हे प्रत्येकाने स्वतः जाऊन पाहावे.